जेटीवर चालतं, बारवर बंद पडतं: फीड पंपाचं दुखणं अंगावर काढू नका



३१ जुलैला बंदी संपते, १ ऑगस्टपासून बोटी निघतील. दोन महिने इंजिन उभं होतं. या दिवसांत जेटीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सकाळी जरा प्रायमर मारावा लागतो, मग चालतं की!" हा प्रायमर मारावा लागणं म्हणजेच पंपाचा पहिला इशारा आहे.

फीड पंप टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरमार्गे मोठ्या पंपाला पुरवतो. जेटीवर इंजिन स्लो असतं, डिझेल थोडंच लागतं. तेवढं अर्धा मेलेला पंपही देतो. आग्वाद, शापोरा किंवा बेतूलच्या मुखावर लाट आली, तांडेलाने फुल रेस दिली, की डिझेल कितीतरी जास्त लागतं. नेमकं तेव्हाच इंजिन दम सोडतं. बोट लाटेला आडवी होते, खाली वाळू. म्हणून बिघाड जेटीवर दिसत नाही, बारवर दिसतो.

🔴 ही लक्षणं ओळखा
• रेस दिली की आरपीएम चढून परत खाली येतो
• जाळं ओढताना इंजिन दबतं, स्लोला ठीक चालतं
• पुन्हा पुन्हा एअर काढावी लागते
• डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसतं, त्याला डिझेलचा वास येतो

शेवटचं लक्षण सर्वात वाईट. ऑईल वाढलं की काही जण खूश होतात, "आमचं इंजिन ऑईल खात नाही!" पण पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल, तर ऑईल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. फार वाढलं तर इंजिन तेच ऑईल ओढून सुसाट सुटू शकतं, स्टॉप ओढूनही थांबत नाही. अशा वेळी इंजिन सुरूच करू नका. पंप बदला, ऑईल आणि ऑईल फिल्टरही बदला.

ओबीएमवाल्यांनीही लक्ष द्यावं. चालत्या इंजिनाला रबरी बल्ब दाबत राहावा लागत असेल, तर पंपाचा पडदा तपासा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबतच ऑईल जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑईलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो.

🔧 निघण्याआधी
१. दोष थेट पंपावर टाकू नका. आधी टाकीतलं पाणी काढा, फिल्टर बदला, पाईप आणि वॉशर बघा. बऱ्याचदा एअर तिथूनच घेते.
२. बोट जाड दोरांनी बांधा, गिअर टाका आणि अर्धा तास लोडवर चालवा. मागे दुसरी होडी किंवा माणूस पाण्यात नाही ना, हे बघा. आरपीएम पडला तर बारकडे जाऊ नका.
३. जादा पंप, दोन फिल्टर आणि वॉशर बोटीत ठेवा.
४. काम करताना बिडी-सिगारेट नको. सांडलेलं डिझेल लगेच पुसा.

⚓ बारवर बंद पडलंच तर
आधी नांगर टाका, सगळ्यांनी लाईफ जॅकेट घाला, मग इंजिनाला हात लावा. चॅनल १६ वर लगेच सांगा. मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३ लावा. "बघू, होईल सुरू" म्हणत वेळ घालवू नका. तेवढ्यात बोट वाळूवर जाते.

पहिल्या दिवशी भाव चांगला मिळतो, सगळ्यांना घाई असते, आम्हालाही कळतं. पण एक दिवस उशीर झाला तर एक ट्रिप जाईल. बारवर इंजिन गेलं तर बोटीवरच्या सगळ्या घरांचा घोर आहे.

ही पोस्ट आपल्या तांडेलाला आणि ड्रायव्हरला वाचून दाखवा.

सुखरूप जा, सुखरूप या. 🙏