गाडी अस्सल कशावरून?

कॅलिफोर्नियात पेबल बीचला ऑगस्टमध्ये जुन्या, मौल्यवान मोटारींचं प्रदर्शन भरतं. समजा, तिथे आपण फेरारी २५० जीटीओ बघतोय. १९६२ ते १९६४ मध्ये अशा फक्त ३६ गाड्या बनल्या. २०१८ मध्ये एक ४.८४ कोटी डॉलरला विकली गेली. पण हुबेहूब नक्कलही करता येते. मग अस्सल कोणती? ते ठरतं चॅसी नंबर, शर्यतींच्या नोंदी आणि मालकांच्या सलग साखळीवरून. आपल्या डेटाचंही तसंच. पहिल्या वर्षी माझ्या फाइलींवर ना तारीख होती, ना स्रोत. आकडे बरोबर असूनही ते दाखवता येईना. तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. म्हणून प्रत्येक फाइलीवर तीन गोष्टी लिहा: तारीख, स्रोत, केलेला बदल. आणि हो, पहिल्याच दिवसापासून!