थंडीच्या आधी मांडीची मेहनत

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण 14-15 अंशांवर उतरतं, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातं. उत्तरेकडचा माणूस याला थंडी म्हणणार नाही. पण याच दिवसांत इथल्या गल्लोगल्ली एकच तक्रार ऐकू येते, ‘गुडघं धरल्यात.’ मग घरात निलगिरीचं तेल येतं, गरम पाण्याची पिशवी निघते, मेडिकलमधून नी-कॅप आणली जाते आणि हाडांच्या दवाखान्यात बसायला बाकडं पुरत नाही. संक्रांत सरली, ऊन तापू लागलं की दुखणं जरा सैल पडतं आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो. हा क्रम मोडायचा तर सुरुवात दसऱ्याला करावी लागेल, आणि तीही तेलाच्या बाटलीपासून नव्हे, मांडीच्या स्नायूंपासून.

दसरा म्हणण्याला कारण आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाढते, ती प्रामुख्याने मज्जासंस्थेची करामत असते. आजवर झोपून राहिलेले स्नायुतंतू मेंदू कामाला लावतो. स्नायू प्रत्यक्ष भरू लागतो तो साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. दसऱ्यापासून मार्गशीर्ष लागेपर्यंत पन्नासेक दिवस मिळतात, म्हणजे सात आठवडे. पाऊस गेलेला असतो, ऊसतोडीचा हंगाम जेमतेम सुरू होत असतो, हवा चालण्याजोगी असते. स्वेटर ट्रंकेतून काढायची वेळ येईपर्यंत मांडी तयार झालेली असते. जानेवारीत सुरू करणाऱ्याच्या हाती हेच बळ येतं ते मार्चमध्ये, थंडी संपल्यावर.

थंडीने गुडघा झिजत नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. हवामान आणि सांधेदुखी यांचा संबंध नेमका किती, यावर संशोधकांचंही एकमत नाही. काही अभ्यासांना तो थोडाफार सापडला, काहींना सापडलाच नाही. मात्र गार हवेत काही गोष्टी नक्की घडतात. गुडघ्यावर मांसाचं आवरण फार पातळ, त्यामुळे तो लवकर गारठतो. सांध्यातला द्रव थोडा दाट होतो. गारठलेला स्नायू आखडतो आणि सावकाश काम करतो. या सगळ्यापेक्षा मोठं कारण आपल्या वागण्यात आहे: थंडीत आपण हलायचंच कमी करतो. पांघरुणातून उशिरा निघतो, रंकाळा तलावावरची फेरी चुकवतो. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पाण्यात दाबून सोडलेल्या स्पंजासारखी ती दाब आला की द्रव बाहेर टाकते, दाब सुटला की शोषून घेते, आणि तिचं पोषण त्यातूनच होतं. म्हणून ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता जपून बसायचं’ हा सल्ला उलटा आहे. बसून राहिल्याने कूर्चेचंच पोट मारलं जातं.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट भार येतो, जिन्यावर त्याहूनही जास्त. हा भार हाडावर आणि कूर्चेवर थेट आदळू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू तो झेलतो. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू पाय आत वळू देत नाहीत आणि पोटरी पावलाला सांभाळते. मांडी दुबळी झाली की सगळं ओझं सांध्यावर. पुढे दुष्टचक्र सुरू होतं. गुडघा दुखला, सुजला की शरीर त्याच्या रक्षणासाठी मांडीच्या स्नायूला येणारे संदेशच दाबून टाकतं. स्नायू वापरात राहत नाही म्हणून वाळतो, आणि वाळला म्हणून गुडघा अधिक दुखतो. जुनं दुखणं असलेल्यांच्या दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला तर दुखऱ्या बाजूची मांडी बहुतेकदा बारीक निघते.

आता हे गुडघे कोणाचे, तेही पाहायला हवं. पहाटे चार-साडेचारला गोठ्यात उकिडवं बसून म्हशीची धार काढणाऱ्या बायकांच्या कष्टावर या जिल्ह्याचा दूधधंदा उभा आहे. गगनबावडा, राधानगरीकडे पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची लावण झालेली असते. हुपरीत चांदीच्या कामाला माणसं तासन्‌तास जमिनीवर बैठक मारून बसतात. शहरात चित्र वेगळं, तिथे दिवसभर खुर्ची आणि घरी आल्यावर सोफा. एकीकडे सांधा एकाच कोनात तासन्‌तास दाबला जातो, दुसरीकडे स्नायू वापरलाच जात नाही. ‘शेतात राबतोय की, आणि कशाला व्यायाम?’ असं गावाकडे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण राबताना तेच तेच स्नायू थकतात, आणि ज्यांनी सांधा धरून ठेवायचा ते वाट्याला काम न आल्याने तसेच दुबळे राहतात.

खरं तर ताकद कशी कमवायची हे या गावाला कोणी सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागचं मैदान उभं राहिलं, गंगावेस आणि मोतीबाग या तालमींनी देशाला मल्ल दिले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत इथेच घडले. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद पहिल्याच दिवशी त्याला हजार बैठका मारायला लावत नाहीत. आधी अंगाला सवय, मग संख्या, मग जोडीदार, असं चढत जायचं. फिजिओथेरपीचा गाभा हाच आहे: सोसेल एवढा भार, तो पेलला की थोडा जास्त, आणि मध्ये विश्रांतीचा दिवस. दुःख एवढंच, की तालमीतलं हे ज्ञान तरण्याबांड पुरुषांपुरतं राहिलं. अलीकडे मुलीही मातीत आणि मॅटवर उतरल्या, हे चांगलं झालं. पण साठीच्या आईला तुझ्याही मांडीला मेहनत हवी, हे घरात कोणी सांगितलं नाही. तिच्या वाट्याला आलं ते तेल आणि ‘वय झालं’ हे उत्तर. जुन्या पैलवानांचीही तीच गत. तालीम सुटते, वजन राहतं, मांडी उतरते आणि पन्नाशीनंतर तोच पैलवान कठड्याला धरून जिना उतरतो.

वय झालं, हे उत्तर पटत नाही याला पुरावा आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बोस्टनला वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीसाठी वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांचं सरासरी वय नव्वद होतं. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायू हाक मारली तर ओ देतो. साठीतल्याने हात टेकायचं कारण नाही.

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे ‘मशीन लावून घेणं’ असा समज पक्का आहे. दहा दिवस जायचं, गुडघ्याला पट्ट्या लावून पडून राहायचं आणि बरं वाटलं की घरी. शेक आणि मशीनने काही काळ आराम पडतो, पण त्याने स्नायू सूतभरही वाढत नाही. ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेने सांधेझिजेबाबत 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामाला उपचाराचा पाया मानलं आणि अल्ट्रासाउंडसारखे विजेवरचे उपचार देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं, कारण त्यांचा उपयोग होतो याला पुरेसा पुरावा नाही. माझं मतही तेच आहे. ज्या केंद्रात रोज फक्त मशीन लावतात आणि घरी करायचा एकही व्यायाम शिकवत नाहीत, तिथे पैसे घालवू नयेत.

चांगली फिजिओथेरपिस्ट काय करते, ते जवळून पाहण्यासारखं असतं. पाय लांब करून बसलेल्या बाईच्या गुडघ्याखाली ती टॉवेलची गुंडाळी ठेवते. ‘मावशी, टॉवेल खाली दाबा. पाच आकडे मोजा, मोठ्यांदा.’ मोठ्यांदा मोजायचं ते श्वास रोखला जाऊ नये म्हणून, कारण श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. तिची दोन बोटं गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला टेकलेली असतात. स्नायू कडक झाला आणि वाटी थोडी वर सरकली तर काम बरोबर. पण महिनोन्‌महिने दुखलेल्या पायात कधी नुसती थरथर होते, कधी काहीच हलत नाही आणि बाई नकळत कंबरच उचलते. मग थेरपिस्ट तिला कंबर खाली ठेवायला लावते आणि बोटाने मांडीवर टिचकी मारून सांगते, ‘इथनं दाबा.’ आठवड्याभरात तिथे दगडासारखा गोळा जाणवू लागतो. दिसायला ही एवढीशी हालचाल, पण बंद पडलेला स्नायू जागा होतो तो इथे.

त्यानंतर पाय सरळ ठेवून एक वीत उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा वर करणं. सगळ्यात मोलाचा व्यायाम म्हणजे हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं आणि सावकाश बसणं. धपकन बसायचं नाही, कारण खाली येतानाच मांडी जास्त कमावते. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा आठ-दहा वेळा, आणि हे एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की पायाला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधायची किंवा उठ-बस वाढवायची. व्यायामात थोडं दुखलं तर घाबरू नये, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते निवळलं पाहिजे. नाही निवळलं तर मात्रा कमी करावी. खोल बैठका मात्र नकोत, तरुणपणी कितीही मारलेल्या असोत. खुर्चीच्या उंचीइतकं खाली जाणं पुरे. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, एवढं दिवाळीचा फराळ समोर आला की आठवावं.

काही दुखणी मात्र व्यायामाच्या आधी डॉक्टरांना दाखवायची असतात. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल आणि अंगात ताप असेल. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल. गुडघा मध्येच अडकत असेल किंवा दगा देऊन वाकत असेल. पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल. तर आधी तपासणी. चिकुनगुनिया होऊन गेलेल्यांचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात, त्यांनीही स्वतःच्या मनाने सुरुवात करू नये. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारूनच मेहनत वाढवावी.

बाकीच्यांनी आधी आपली ताकद मोजावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा आणि घरातल्या कुणाला तरी 30 सेकंद मोजायला सांगा. तेवढ्या वेळात पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं? साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला 12 आणि पुरुषाला 14 वेळा जमायला हवं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या वयात हे आकडे 10 आणि 12 आहेत. त्याहून कमी भरलं तर मांडी उणी पडते आहे. कोल्हापुरात सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय आहे, कसबा बावड्यात फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, तालुक्याच्या गावीही आता फिजिओथेरपिस्ट बसतात. राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढं विचारून घ्या. एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून या आणि पुढचे सात आठवडे घरी करा. घरात आई, सासू, मावशी असेल तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा, आणि घरी आल्यावर तिचे आकडे तुम्ही मोजा.