घरी गाणं रेकॉर्ड करताय? माइक मागवण्याआधी खोली बघा
घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की बरेचजण आधी कंडेन्सर माइक मागवतात. अनेकदा पैसे इथेच वाया जातात. हा माइक बारीकसारीक आवाजही टिपतो. म्हणजे पंखा, शेजारचा कुकर आणि भिंतींवर आपटून घुमणारा तुमचाच आवाजसुद्धा.

साध्या खोलीत डायनॅमिक माइक बरा. 1966 मध्ये आलेला शूअर एसएम 58 याच प्रकारचा. तो तोंडापासून चार बोटांवर ठेवा आणि गोधडी टांगा. पण माइकमागे नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागे. माइकचं तोंड तिकडेच असतं ना!

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च नको, ऑडॅसिटी मोफत आहे. असा माइक संगणकाला जोडायला ऑडिओ इंटरफेस मात्र लागतो. तानपुऱ्याचा ट्रॅक हेडफोनवरच ऐका. गेन इतकाच ठेवा, की वरचा सूर लावतानाही मीटर लाल होणार नाही. फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही.