शार्कचे दात आणि प्राणहितेचे खोरे

शार्क म्हटले की खोल समुद्रच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखाचा या माशाशी काही संबंध असेल असे कुणाला वाटत नाही. वास्तविक शार्कच्या दोन नव्या जाती प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या खडकांनीच उजेडात आणल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीचा कोळसा ज्या गोंडवाना खडकमालेतला आहे, तिचेच नंतर साचलेले थर दक्षिणेकडे, सिरोंच्याच्या बाजूला दिसतात. सीमेपलीकडे तेलंगणातल्या मलेरी थरांतून सोहनलाल जैन यांनी १९८० मध्ये 'झेनाकँथस इंडिकस' ही जात नोंदवली. सिरोंचा परिसरातल्या कोटा गावाचे नाव ज्यांना मिळाले, त्या थरांतून पी. यादगिरी यांनी १९८६ मध्ये 'लॉन्किडियन इंडिकस' नोंदवली. पहिली सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीची, दुसरी १८ कोटींच्या आसपासची.

एवढ्यावरून इथे समुद्र होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मलेरीचा थर नदीच्या गाळाचा आहे, कोट्याचा चुनखडक तळ्यात साचलेला. त्याच कोटा थरांत डायनोसॉरची हाडे मिळतात. हे शार्क गोड्या पाण्यात राहत होते. आजही काही शार्क नद्यांत शिरतात. त्यांपैकी दुर्मीळ अशा गंगा शार्कची २६६ सेंटिमीटर लांबीची मादी फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरवलेल्या मासळीत आढळली.

जीवाश्म म्हणजे अख्खा सांगाडा, ही समजूतही शार्कच्या बाबतीत लागू पडत नाही. त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो कुजून जातो. दात मात्र कठीण, आणि ते आयुष्यभर पडत व नव्याने येत राहतात. झेनाकँथसचा दात ओळखू येतो तो दोन मोठ्या सुळ्यांमुळे. त्यांच्या मध्ये एक बारीक टोक असते. लॉन्किडियनचे दात इतके लहान की खडकाचा भुगा पाण्यात भिजवून, चाळणीतून धुऊन, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने निवडावा लागतो. चिकाटीचे, मोठ्या कौतुकाचे काम आहे हे.

नवे शार्क पाणबुड्यांना दिसतात आणि मग त्यांचे बारसे होते, हा समजही फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात 'प्लॅनोनेसस इंडिकस' हा शार्क २०१८ मध्ये नोंदला गेला तो भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या मासेमारीत मिळालेल्या नमुन्यांवरून. 'कार्कऱ्हायनस ऑब्सोलिटस'ला २०१९ मध्ये नाव मिळाले तेव्हा हाताशी संग्रहालयांतले तीनच जुने नमुने होते. त्यांतला शेवटचा १९३४ चा.

पाणबुड्यांना शार्कचे वेड आहे आणि ते रास्तही आहे. शार्क दिसला की हल्ला ठरलेलाच, ही भीती निराधार आहे: चिथावणीविना चाव्याच्या घटना जगभरात वर्षाला शंभराच्याही आत असतात. सर्वांत मोठा शार्क, म्हणजे व्हेल शार्क, तर प्लवकांवर आणि लहान माशांवर जगतो. भारतात २००१ पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. पाणबुड्यांच्या छायाचित्रांतून त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो. नव्या जातीला नाव देताना मात्र जपून ठेवलेला नमुना लागतो. त्याची मापे, दातांची ठेवण आणि मणक्यांची संख्या जवळच्या जातींशी ताडून पाहावी लागते.