निवडणुकीतील हिंसेचा हिशेब

निवडणुकीच्या प्रचारात हाणामारी झाली, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत काही ठरावीक शब्द हमखास येतात : 'पूर्ववैमनस्य', 'राजकीय वाद', 'किरकोळ बाचाबाची'. या शब्दांनी घटनेची नोंद होते, अर्थ मात्र लागत नाही. प्रचारकाळातील हिंसेमागे बहुधा हिशेब असतो. प्रतिस्पर्ध्याचा कार्यकर्ता घराबाहेर पडू नये, एखाद्याने उमेदवारी अर्ज भरू नये, एखाद्या आळीतील मतदार केंद्रावर येऊ नयेत, अशा साध्या अपेक्षेतून ती घडते. म्हणून 'हल्ला कोणी केला' या प्रश्नाइतकाच 'हल्ल्याचा लाभ कोणाला झाला' हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गुन्हेगाराला शिक्षा देण्याची व्यवस्था आपल्याकडे पूर्वीपासून आहे. हिंसेतून मिळणारा राजकीय लाभ काढून घेण्याची व्यवस्था मात्र तुकड्या-तुकड्यांनी आणि उशिरा उभी राहिली. ती आजही अपुरी आहे.

पेण तालुक्यातील हमरापूर परिसराला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे हमरापूर आणि शेजारच्या जोहे गावाचे नाव राज्यभर पोहोचले. येथल्या मूर्ती मुंबईला जातात, तशी एकेकाळी या जिल्ह्यातील माणसेही रोजगारासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे जात. लालबाग-परळ हा भाग कोकणी माणसाला दुसऱ्या गावासारखाच. महाराष्ट्रातील राजकीय हिंसेचा जो सर्वांत बोलका धडा आहे, तो त्याच लालबागमध्ये घडला.

५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आमदार कृष्णा देसाई यांची धारदार शस्त्रांनी हत्या झाली. १९६७ च्या निवडणुकीत ते परळमधून विधानसभेवर गेले होते. गिरणगावात त्यांचा दबदबा होता आणि तरुणांचा मोठा गट त्यांच्याभोवती होता. स्वातंत्र्योत्तर मुंबईतील पहिली राजकीय हत्या म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो.

या हत्येची पार्श्वभूमी चार वर्षांची होती. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आणि कम्युनिस्टविरोध हे तिचे दोन प्रमुख सूर होते. गिरणगावात लाल बावट्याच्या संघटना बलवान होत्या आणि त्यांचा पाया ज्या मराठी कामगारवस्तीत होता, त्याच वस्तीत शिवसेनेलाही उभे राहायचे होते. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेनेने प्रजा समाजवादी पक्षाशी युती करून ४२ जागा जिंकल्या. विधानसभेत मात्र तिला अद्याप प्रवेश मिळालेला नव्हता. राज्यात वसंतराव नाईक यांचे काँग्रेस सरकार होते. डाव्या संघटना खिळखिळ्या होत असल्याने सरकार शिवसेनेकडे काणाडोळा करते, असा आरोप विरोधक करीत. शिवसेनेला 'वसंतसेना' म्हणून हिणवले जाई, ते याच कारणाने.

हत्येनंतर अटकसत्र झाले, खटला चालला आणि काही आरोपींना शिक्षाही झाल्या. शिवसेनेने संघटनेचा या कृत्याशी संबंध नसल्याचे सांगितले आणि तिच्या कोणत्याही नेत्यावर दोष सिद्ध झाला नाही. न्यायालयीन हिशेब येथे संपतो. राजकीय हिशेब मात्र त्यानंतर सुरू झाला.

देसाई यांच्या निधनाने परळची जागा रिकामी झाली आणि ऑक्टोबर १९७० मध्ये पोटनिवडणूक झाली. कम्युनिस्ट पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले. शिवसेनेकडून वामनराव महाडिक उभे राहिले. हत्येची सहानुभूती विधवेच्या पारड्यात पडेल, असा सर्वसाधारण अंदाज असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात महाडिक यांना ३१,५९२ आणि सरोजिनी देसाई यांना २९,९१३ मते मिळाली. १,६७९ मतांच्या फरकाने महाडिक विजयी झाले आणि ते शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. पुढे १९७८ मध्ये ते मुंबईचे महापौरही झाले.

या निकालाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. महाडिक यांना मत देणाऱ्या साऱ्यांनी हत्येचे समर्थन केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी अस्मिता, नोकऱ्यांचा प्रश्न, शाखांनी केलेली कामे, कम्युनिस्टांविषयीची नाराजी अशी अनेक कारणे त्या मतांमागे होती. गिरणगावातील लाल बावट्याचा प्रभाव पुढे ओसरला, त्यालाही केवळ ही एक हत्या कारणीभूत नव्हती. तरीही एक गोष्ट उरतेच. हत्येमुळे एका पक्षाचा बिनीचा माणूस मैदानातून कायमचा गेला, त्याची जागा खुली झाली आणि ती दुसऱ्या पक्षाला मिळाली. हत्येचा निषेध निकालात उमटेल, ही अपेक्षा मतपेटीने पूर्ण केली नाही. मतदार शिक्षा करील या भरवशावर लोकशाहीला राहता येत नाही, हा परळचा धडा आहे.

मग हे काम कायद्याने कसे करावे? विद्यमान आमदाराची हत्या झाली तर पोटनिवडणूक घ्यावी लागते आणि ती सर्व पक्षांना खुली असते. जागा मृताच्या पक्षालाच द्यावी, असा नियम लोकशाहीत करता येत नाही, कारण जागा पक्षाची नसते, मतदारांची असते. उमेदवाराच्या मृत्यूचा प्रश्न मात्र वेगळा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५२ मध्ये त्याची तरतूद आहे. पूर्वी मतदानाआधी कोणताही उमेदवार, मग तो अपक्ष का असेना, मरण पावला तरी त्या मतदारसंघातील निवडणूक रद्द होई. हेतू चांगला होता. पण पंजाबात १९९१ च्या निवडणूक प्रचारात दहशतवाद्यांनी वीसहून अधिक उमेदवारांची हत्या केली, तेव्हा या नियमाची दुसरी बाजू उघड झाली. ज्यांना निवडणूकच नको होती, त्यांच्या हाती कायद्याने हत्यार दिले होते. एक उमेदवार मारला की एक मतदारसंघ बंद. मतदानाच्या तोंडावर ती निवडणूक पुढे ढकलावी लागली आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये पार पडली.

पुढे कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचा मृत्यू झाला तरच मतदान पुढे ढकलले जाते आणि त्या पक्षाला दुसरा उमेदवार देण्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते. म्हणजे उमेदवार मारून पक्षाला मैदानाबाहेर काढता येत नाही आणि निवडणूकही कायमची बंद पाडता येत नाही. हिंसेचा लाभ काढून घेणारा नियम कसा असावा, याचा हा नमुना आहे. १९८९ मध्ये आलेल्या कलम ५८-अ मागेही हेच तत्त्व आहे. मतदान केंद्र बळकावले गेले, तर तेथील मतदान रद्द करून फेरमतदान घेता येते, प्रसंगी संपूर्ण मतदारसंघाची निवडणूक रद्द होऊ शकते. बळजबरीने पडलेल्या मतांना किंमत उरत नसेल, तर बळजबरीला कारणही उरत नाही.

धमकी किंवा दडपशाहीने मत वळवणे हे याच कायद्याने भ्रष्ट आचरण मानले असून त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. मात्र ते कृत्य उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केले, अथवा त्यांच्या संमतीने झाले, हे साधारणतः सिद्ध करावे लागते. संमती कागदावर लिहून कोणी देत नाही. कार्यकर्ता तुरुंगात जातो, उमेदवार सभागृहात जातो. कायद्याची मोठी फट येथे आहे.

ही फट केवळ आपल्याकडे आहे असे नाही. आर्मेनिया या सुमारे ३० लाख लोकसंख्येच्या देशाने ती अधिक भयंकर रूपात पाहिली. तेथे १९ फेब्रुवारी २००८ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सत्ताधारी गटाचे सर्झ सार्गस्यान विजयी घोषित झाले. माजी अध्यक्ष लेव्होन तेर-पेत्रोस्यान यांनी निकाल अमान्य केला आणि त्यांच्या समर्थकांनी राजधानी येरेवानमध्ये धरणे धरले. १ मार्चला पोलिसांनी ते मोडून काढले. रात्रीपर्यंत झालेल्या संघर्षात आठ नागरिक आणि सुरक्षा दलांचे दोन जण असे १० जण मृत्युमुखी पडले. मावळते अध्यक्ष रॉबर्ट कोचार्यान यांनी २० दिवसांची आणीबाणी पुकारली. एप्रिलमध्ये सार्गस्यान यांनी शपथ घेतली आणि २०१८ पर्यंत सत्ता त्यांच्याकडेच राहिली. त्या आंदोलनासाठी तुरुंगवास भोगलेले निकोल पाशिनियान २०१८ मध्ये जनआंदोलनाच्या बळावर पंतप्रधान झाले, तेव्हा कोचार्यान यांच्यावर खटला भरला गेला. पण ज्या कलमाखाली आरोप ठेवला होता ते कलमच घटनाबाह्य ठरले आणि २०२१ मध्ये तो आरोप कोसळला. दहा वर्षे उपभोगलेली सत्ता कोणताही खटला परत घेऊ शकत नव्हता. लाभ वेळीच रोखला नाही तर शिक्षेला उशीर होतो आणि उशिराची शिक्षा अनेकदा होतच नाही.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रायगडचे राजकारण अनेक दशके शेतकरी कामगार पक्ष आणि काँग्रेस यांच्या चुरशीवर पोसले गेले. पेण मतदारसंघात धैर्यशील पाटील यांनी शेकापतर्फे २००९ आणि २०१४ मध्ये रवीशेठ पाटील यांचा पराभव केला. २०१९ मध्ये रवीशेठ पाटील भाजपतर्फे विजयी झाले. २०२३ मध्ये धैर्यशील पाटील यांनीही भाजपमध्ये प्रवेश केला आणि २०२४ मध्ये ते राज्यसभेवर गेले. या लढती मतपेटीतून झाल्या आणि नेत्यांनी पक्ष बदलणे हा त्यांचा अधिकार आहे. मुद्दा गावांचा आहे. ज्या नेत्यांसाठी दोन भावकींनी एकमेकांच्या लग्नाला जाणे सोडले, ते नेते एका व्यासपीठावर आले, तरी गावातील अबोला तसाच राहू शकतो. वैर खाली पोहोचते त्या वेगाने समेट खाली पोहोचत नाही.

गावातील राजकीय हिंसेला नेहमी शस्त्र लागत नाही. ग्रामपंचायत निवडणूक कायद्याने पक्षचिन्हांशिवाय होते, प्रत्यक्षात पॅनेलच्या नावाखाली पक्षच लढतात. गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला, म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचे, त्यांच्याशी बोलणाऱ्याला दंड करायचा, मयताला खांदा द्यायचा नाही, अशा प्रकारांनी रायगड जिल्ह्याचे नाव गाजले. रक्त न सांडता प्रतिस्पर्ध्याला मैदानातून हटवण्याचा हा मार्ग आहे आणि जागा बिनविरोध झाली की त्याचा लाभही पुरता पदरात पडतो.

यावर महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. तो २०१७ मध्ये लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. राजकीय कल पाहून समाजातील सदस्यांत भेदभाव करणे हाही त्यात बहिष्कार मानला आहे. पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील कोणीही पोलिसांकडे अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकते. पण बहिष्काराच्या दबावाखाली झालेली बिनविरोध निवड टिकते की नाही, याविषयी हा कायदा बोलत नाही. शिक्षा आहे, लाभ तसाच आहे.

तो लाभही काढून घेता येतो, याचे उदाहरण राज्यातच आहे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील ग्रामपंचायत निवडणुकाच रद्द केल्या. पैशाच्या बळावर झालेली निवड रद्द होते, तर धाकाच्या बळावर झालेली निवडही त्याच कसोटीवर तपासली पाहिजे. बिनविरोध जागेचा निकाल जाहीर करण्याआधी, अर्ज मागे घेणाऱ्या प्रत्येकाची स्वतंत्र विचारपूस झाली, तर कितीतरी दडपणे तेथेच उघडी पडतील.

आदर्श आचारसंहितेत एक साधे कलम आहे. एखाद्याच्या मताचा निषेध म्हणून त्याच्या घरासमोर निदर्शने करू नयेत, असे ते सांगते. मत निराळे असले तरी माणसाचे घर सुरक्षित राहिले पाहिजे, हा त्याचा साधा आशय. पुढच्या प्रचारात आपल्या गावी पहिला फलक फाटेल, पहिला दरवाजा ठोठावला जाईल, तेव्हा पराभूत होण्याची भीती कोणाला आहे आणि या दहशतीने कोणाची सोय होते, हे गावाने त्याच दिवशी विचारावे आणि लेखी तक्रारीवर दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांनी सह्या कराव्यात. तक्रार एकट्या घराची राहिली तर ती 'किरकोळ बाचाबाची' म्हणून नोंदली जाण्याची भीती असते. गावाची झाली तर तिची दखल घ्यावीच लागते.