थरथर नेमकी कोणाची?

बदलापूर स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग लागलेली असते. पुढच्या खेपेला तिथे उभे राहाल तेव्हा एक गंमत पाहा. इंजिन चालू ठेवून थांबलेल्या रिक्षाच्या बाजूच्या आरशात डोकावा. मागच्या माणसांचे चेहरे ओळखू येऊ नयेत इतकी प्रतिमा थरथरत असते. चालकाने थोडी रेस दिली की तीच प्रतिमा पुष्कळशी स्थिर होते. इंजिन तर जास्त जोरात फिरू लागले, मग थरथर कमी कशी झाली?

हा प्रश्न मनात ठेवा. त्याचे उत्तर शोधताना मी एका भलत्याच यंत्रापर्यंत जाऊन पोहोचलो. ते यंत्र म्हणजे रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून चालवायचे, इंजिन असलेले छोटे हेलिकॉप्टर.

माझा एक जुना विद्यार्थी ते घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आला होता. उल्हासनगरात त्याच्या वडिलांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात काम करून साठवलेल्या पैशातून त्याने हे हेलिकॉप्टर कोणाकडून तरी जुने विकत घेतले होते. वजन ३.२ किलोग्रॅम. इंजिन एकाच सिलिंडरचे, दोन धावांचे, सुमारे ८ घन सेंटिमीटरचे. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉलमध्ये नायट्रोमिथेन आणि वंगणतेल मिसळून इंधन बनवतात. ठिणगी पाडणारा प्लगही नसतो. प्लॅटिनमयुक्त तारेचे एक बारीक वेटोळे एकदा तापवले की मिथेनॉलच्या संगतीत ते स्वतःच लाल राहते आणि इंधन पेटवत राहते. हे एवढेसे इंजिन मिनिटाला १६,००० फेरे घेते. दातेरी चाकांमुळे वरचा पंखा त्याच्या सुमारे नवव्या हिश्शाने, म्हणजे मिनिटाला १,८०० फेरे फिरतो.

तिसऱ्याच उड्डाणात घात झाला. टाकीतल्या इंधनाला फेस आला, नळीतून इंधनाऐवजी हवेचे बुडबुडे गेले आणि पुरुषभर उंचीवर इंजिन बंद पडले. खालचे पाय मोडले. "सर, इंजिनच फार हादरते आहे. नवे घ्यावे लागणार," तो म्हणाला. नवे इंजिन म्हणजे आणखी वर्षभराची बचत.

प्रथम मलाही ते पटले. तुम्हीच आकडेमोड करून पाहा. दट्ट्या, त्याची पिन आणि दांडीचा वरचा भाग मिळून १० ग्रॅम धरू. दट्ट्या २२ मिलिमीटर वरखाली जातो, म्हणजे क्रँकची त्रिज्या ११ मिलिमीटर. कोनीय वेग सेकंदाला सुमारे १,६७५ रेडियन. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला की सुमारे ३१० न्यूटन बल येते. म्हणजे जवळजवळ ३१ किलो वजनाचा धक्का, एकदा वर आणि एकदा खाली, सेकंदाला २६७ वेळा! हेलिकॉप्टरच्या स्वतःच्या वजनाच्या दहापट.

हा धक्का मारण्यासाठी क्रँकच्या दुसऱ्या बाजूला प्रतिभार ठेवलेला असतो. उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या मशिनीतही सुईचा दांडा मिनिटाला चार-पाच हजार वेळा वरखाली होतो आणि त्याच्या क्रँकलाही असाच प्रतिभार असतो. पण यात एक मेख आहे. दट्ट्या सरळ रेषेत जातो आणि प्रतिभार वर्तुळात फिरतो. दट्ट्या वरच्या टोकाला असताना प्रतिभार खाली असतो, तेव्हा दोघांचे भांडण बरोबरीत सुटते. पाव फेऱ्यानंतर प्रतिभार आडवा येतो, आणि त्या दिशेला त्याला अडवायला कोणीच नसते. पूर्ण प्रतिभार ठेवला तर उभी थरथर जाऊन तितकीच आडवी थरथर पदरात पडते. म्हणून निम्म्याच्या आसपास भार ठेवून तडजोड करतात. अशा एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर केवळ प्रतिभाराने पुरती जाणे शक्यच नाही. नवे इंजिन आणले तरी हे दुखणे तसेच राहणार.

मग प्रत्येक हेलिकॉप्टर फेस काढून खाली का पडत नाही? इथे होडी आठवा. शांत पाण्यात होडीत तुम्ही पुढे चालत गेलात की होडी थोडी मागे सरकते. होडी जितकी जड तितकी ती कमी सरकते. आपला १० ग्रॅमचा दट्ट्या मधल्या स्थितीपासून ११ मिलिमीटर सरकतो, तेव्हा ३,२०० ग्रॅमचे हेलिकॉप्टर उलट दिशेला फक्त ०.०३४ मिलिमीटर सरकेल. प्रतिभारामुळे तेही निम्मे होते. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पाव हिश्श्याएवढे! बल प्रचंड, पण सरकणे नगण्य. कारण एका दिशेला सरकायला सुरुवात होते न होते तोच धक्क्याची दिशा उलटते.

आता वरच्या पंख्याचे एक पाते दुसऱ्यापेक्षा अवघे १ ग्रॅम जड आहे आणि तो जादा भार अक्षापासून ४० सेंटिमीटरवर आहे असे समजा. त्याचे केंद्रोत्सारी बल १४ न्यूटन, दट्ट्याच्या मानाने किरकोळ. पण होडीचा हिशेब केला तर हेलिकॉप्टर ०.१२५ मिलिमीटर ओढले जाते, म्हणजे इंजिनाच्या थरथरीच्या सातपट! शिवाय हे ओढणे अगदी वरच्या टोकाला होत असल्यामुळे लांब शेपटीच्या टोकाला ते आणखी मोठे दिसते. डोळ्यांना दिसणारा हादरा इंजिनाचा असेलच असे नाही, तो १ ग्रॅमचाही असू शकतो.

मग गुन्हेगार ओळखायचा कसा? त्याच्या वारंवारतेवरून. वरचा पंखा सेकंदाला ३० वेळा हादरवील, इंजिन २६७ वेळा. शेपटीवरचा छोटा पंखा वरच्या पंख्याच्या साडेचारपट फिरतो, म्हणून तो १३५ वेळा. आम्ही लोखंड कापायच्या करवतीची पाती तोडून तीन पट्ट्या केल्या आणि एका टोकाशी घट्ट आवळून हेलिकॉप्टरच्या पायाला बसवल्या. पट्टीची स्वाभाविक वारंवारता तिच्या मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. साडेसहा दशांश मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीला ३० साठी सुमारे १३ सेंटिमीटर, १३५ साठी सव्वासहा आणि २६७ साठी साडेचार सेंटिमीटर लांबी लागते. बाहेरून मिळणारे धक्के आणि पट्टीची स्वतःची वारंवारता जुळली की पट्टी मोठ्याने डोलते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. (टेबलाच्या कडेला पट्टी दाबून वाजवण्याचा खेळ तुम्ही वर्गात खेळला असालच. शिक्षकांच्या नकळत.)

हेलिकॉप्टर मोकळ्या जागी जमिनीला बांधून चालू केले. आम्ही दूर उभे राहिलो आणि पट्ट्यांसमोर फक्त मोबाइलचा कॅमेरा ठेवला. हे दूर राहणे महत्त्वाचे आहे. ६७ सेंटिमीटर त्रिज्येच्या त्या पंख्याचे टोक ताशी ४५० किलोमीटर वेगाने फिरते. एखादे पाते निसटले तर माणूस वाचणार नाही.

चित्रफितीत १३ सेंटिमीटरची पट्टी पंख्यासारखी पसरलेली दिसली. मधली जवळजवळ स्थिर होती. साडेचारची थोडीफार हलणार हे अपेक्षित होते, पण ती बरीच जास्त हलत होती. म्हणजे चोर दोन होते.

पहिला लवकर सापडला. दोन्ही पाती मुळाशी जोडून तराजूसारखी दोऱ्याला टांगली तर एक बाजू स्पष्ट खाली गेली. हलक्या पात्याच्या टोकाकडे चिकटपट्टीचे तुकडे लावत दोन्ही बाजू समतोल केल्या. मग टोकांना दोन रंग लावून फिरवले. एक रंग वर आणि एक खाली दिसला, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरत नव्हती. दांडीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून तेही जमवले. दिसणारी थरथर जवळजवळ नाहीशी झाली. पण टाकीत पुन्हा फेस!

दुसऱ्या चोराला वडिलांनी पकडले. पाती काढून इंजिन मंद चालू असताना त्यांनी लांब पेचकसाचे टोक सांगाड्याला टेकवले आणि मूठ कानाला लावली. "वरची गोळी ठीक वाजते, गडबड पंख्याकडे आहे," ते म्हणाले. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्या दांड्यावर एक पंखा असतो, त्यालाच क्लच जोडलेला असतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याने त्याला डायल गेज लावला. काटा ०.२ मिलिमीटर हलला, म्हणजे केंद्र ०.१ मिलिमीटरने चुकलेले. पंखा आणि क्लच मिळून १०० ग्रॅम धरले तर १६,००० फेऱ्यांना सुमारे २८ न्यूटनचा जादा धक्का झाला, तोही बेअरिंगच्या बाहेर लटकलेल्या टोकाला. नट सैल करून, पंखा दांड्यावर थोडा थोडा फिरवून, पुन्हा आवळून पाहिले. पाचव्या प्रयत्नात काटा ०.०३ वर आला. खर्च दोन चहांचा.

मधल्या काळात त्याने इंजिनाखाली रबर घालण्याचाही हट्ट धरला होता. रबर उपयोगी पडते, पण धक्क्यांची वारंवारता रबरावरच्या वस्तूच्या स्वाभाविक वारंवारतेच्या १.४ पटींहून जास्त असेल तरच. त्याखाली रबर धक्का उलट वाढवते. रिक्षाच्या आरशाचे उत्तर इथेच आहे. तिचे इंजिन रबरावर बसवलेले असते. मंद गतीला धक्के अनुस्पंदनाच्या जवळ असतात आणि रेस दिली की ते त्याच्या पलीकडे जातात. छोट्या हेलिकॉप्टरात मात्र इंजिन रबरावर ठेवले तर दातेरी चाके एकमेकांपासून हलतील आणि दाते झिजतील. म्हणून इंजिन सांगाड्याला पक्के आवळतात आणि टाकी व तोल सांभाळणारा जायरो यांनाच मऊ गादी देतात. माणसे नेणाऱ्या हेलिकॉप्टरात याहून मोठी सोय करता येते. २० ऑगस्ट १९९२ रोजी प्रथम उडालेल्या आपल्या 'ध्रुव'मध्ये गिअरबॉक्स आणि सांगाडा यांच्यामध्येच कंपने अडवणारी खास जोडणी आहे.

उडवण्यापूर्वी आम्ही ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा पाहिला. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यात हिरवे, पिवळे आणि लाल विभाग दाखवलेले असतात. अंबरनाथला आयुधनिर्माणी असल्यामुळे आमच्या भागात ही काळजी घ्यावीच लागते. बदलापूरच्या पुढे एका कापणी झालेल्या भातशेतावर, मालकाला विचारून, ते उडाले. पहिला मिनिटभर कोणी वर पाहिलेच नाही, सगळ्यांचे डोळे दुर्बिणीतून टाकीवर. इंधन स्वच्छ होते. जुनेच इंजिन आठ मिनिटे चालले आणि पोरगा ते सावकाश खाली घेऊन आला.

१,९०० फेऱ्यांना शेपटीचा उभा पडदा मात्र अजून धूसर दिसतो. १,८०० ला दिसत नाही. शेपटीच्या नळीला दोन आधारदांड्या आहेत, त्यांतली एक सैल असावी असा माझा तर्क आहे. त्याच्या वडिलांचा तर्क वेगळा आहे.