लाळग्रंथींचे विकार कुणाला होतात?

लाळग्रंथींच्या विकारांत सर्वांच्या ओळखीचा विकार म्हणजे गालगुंड. कानाखालची ग्रंथी विषाणूमुळे सुजते, कानाची पाळी वर उचलली जाते आणि घास चावणे नको होते. रुग्ण बहुधा शाळकरी मुले असतात. वयात आल्यावर हा आजार झाला तर मुलग्यांच्या वृषणांनाही सूज येऊ शकते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती विकत घ्यावी लागते, आणि यंत्रमाग किंवा विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला तो खर्च जड जातो. ही उणीव भरून काढायलाच हवी.

तिशी ते साठीच्या वयात खड्याचा त्रास जास्त आढळतो. दहांपैकी आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात, कारण तिथली लाळ घट्ट असते आणि नलिका लांब व वर चढणारी. पहिल्या घासालाच हनुवटीखाली फुगवटा येतो, ठणकतो आणि जेवणानंतर हळूहळू ओसरतो. शरीरात पाणी कमी पडले की लाळ आणखी घट्ट होते. सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उतारवयातली नेहमीची तक्रार कोरड्या तोंडाची. यामागे बऱ्याचदा रक्तदाबाची, नैराश्याची किंवा ॲलर्जीची औषधे असतात, कधी मधुमेह. शोग्रेन या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथींवर उलटते. त्याच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. डोळे चुरचुरतात, कडक भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, दात भराभर किडतात. ‘वयाचा परिणाम’ म्हणून हे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

गाठी मात्र विरळ. डोके व मानेच्या गाठींत त्यांचा वाटा ३ ते ६ टक्के. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून कर्करोग नोंदणी चालते. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. तिच्यासारख्या नोंदवह्यांमुळेच असे विरळ कर्करोगही मोजले जातात. कानाखालच्या ग्रंथीतल्या सुमारे ८० टक्के गाठी साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितका कर्करोगाचा संशय अधिक. तोंडाच्या कर्करोगाचे तंबाखूशी असलेले घट्ट नाते इथे दिसत नाही. त्यामुळे तंबाखू न खाणाऱ्यानेही गाठीकडे काणाडोळा करू नये. न दुखणारी, सावकाश वाढणारी गाठही तपासावी लागते, कारण साध्या गाठीतही पुढे कर्करोग उद्भवू शकतो. चेहऱ्याची नस कानाखालच्या ग्रंथीतूनच जाते. गाठीसोबत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला लगेच दाखवावे. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी केल्यावर गाठीचे स्वरूप बहुधा कळते.